व्रतराजाचा खटला व पोथीचें स्वामित्व

जुन्या छापील पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांची एक खोड आहे. पोथी हातीं आली कीं ज्यावर छापखान्याचें नांव, गांव, शक व किंमत असते तें पहिलें पान मळकें, फाटकें म्हणून ते बाजूस काढतात आणि मूळ ग्रंथास जेथें आरंभ होतो तेथून पोथी नव्या रुमालांत बांधतात. प्रस्तुत लेखकानेंही तरुणपणीं हें पाप केलेलें आहे. त्या टाकून दिलेल्या पानावर पुष्कळदां एक ओळ असते: हें पुस्तक सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणें रजिस्टर केलें असून सर्व हक्क मालकानें आपल्याकडे ठेविले आहेत. ग्रंथ व्यासांचा, टीका श्रीधरस्वामींची, आणि मालक मात्र काळबादेवीवरील! हा मालक कोण, तो केव्हां उत्पन्न झाला, आणि त्याच्या पूर्वीं ग्रंथास मालक नव्हताच काय, ह्या प्रश्नांचा विचार येथें कर्तव्य आहे. त्यास मुख्य आधार मुंबईच्या हायकोर्टापुढें व्रतराज नांवाच्या ग्रंथाविषयीं चाललेल्या एका खटल्याचा घेतला आहे. कारण पोथीच्या संशोधकाचें काम व छापखानदाराचें भांडवल ह्या दोहोंची गांठ तेथें प्रथम स्पष्टपणें पडलेली दिसते.

आमच्याकडे वाङ्मयचौर्याची कल्पनाच नव्हती, ती इंग्रजांनीं आणली, असें कित्येक लिहितात. हें खरें नाहीं. बाणानें हर्षचरिताच्या आरंभींच दुसऱ्याचीं अक्षरें फिरवून आपलीं म्हणून मिरविणाऱ्या कवीस चोर म्हटलें आहे. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतांत दोन कवींच्या उक्तींत आढळणाऱ्या साम्याचे प्रकार लावून दिले. आणि त्यानंतर सुमारें इ. स. ९०० च्या आसपास राजशेखरानें काव्यमीमांसेंत अकरा ते तेरा असे तीन अध्याय ह्या एका विषयास खर्च केले. शब्दहरण वेगळें, अर्थहरण वेगळें. अर्थहरणांतही प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य व परपुरप्रवेशसदृश अशा पायऱ्या. नुसतें प्रतिबिंब उचलणारा निंद्य, पण दुसऱ्याच्या नगरांत शिरून तेथें आपलें राज्य स्थापणारा कवि मात्र वंद्य, असा एकंदर रोख आहे. ह्याच प्रकरणांत राजशेखरानें आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचें मत दिलें आहे, तें फार मौजेचें आहे. हा अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. ह्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. अशा सबबींवर चोरी क्षम्य ठरते, असें त्या विदुषीचें म्हणणें. काव्यमीमांसा इ. स. १९१६ मध्यें गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून बडोद्यास छापली गेली. तोंपर्यंत ती बहुतेकांस केवळ नांवानें ठाऊक होती, हें लक्षांत ठेविलें म्हणजे वर सांगितलेला गैरसमज कसा पसरला तें कळतें.

मराठींतही तेंच. एकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि अखेरीस, ह्या ग्रंथांत कोणीं आपली ओवी घालूं नये, अशी ताकीद कडक शब्दांत दिली. तुकोबांच्या काळीं सालोमालो नांवाचा कोणी हरिदास त्यांच्याच अभंगांतील ‘तुका’ काढून तेथें आपलें नांव बसवी, अशी परंपरेची माहिती आहे, आणि गाथ्यांत त्याला उद्देशून अभंगही आहेत. अभंगाच्या शेवटच्या चरणांतील नाममुद्रा ही कर्त्याची खूण. ती खरडून काढणें हा अपराध, हें त्या काळच्या गांवकऱ्यासही समजत होतें.

परंतु ह्या सर्व ठिकाणीं रक्षण कशाचें होतें, तें पहावें. कर्त्याच्या नांवाचें आणि पाठाच्या शुद्धतेचें. नक्कल करण्यास कोणाचीच हरकत नव्हती. उलट ती करावी, करवावी व सत्पात्रीं दान द्यावी, असेंच शास्त्र सांगे. हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत पुस्तकाचें दान हें विद्यादान म्हणून वर्णिलें आहे. लेखकाची मजुरी बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ ह्या मापानें मोजीत. पोथीच्या अखेरचे लेखकाचे श्लोक आपणां सर्वांस पाठ आहेत: पाठ मोडली, मान वांकली, दृष्टि खालीं गेली, एवढ्या कष्टानें लिहिलें, तेव्हां तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बंधनापासून हें जपा, मूर्खाच्या हातीं देऊं नका. त्यांत ‘हें उतरूं नका’ असें कोणीही लिहीत नाहीं. ज्यानें आपली पाठ मोडून घेतली त्याची मजुरी चुकती झाली; पुढल्यानें आपली मोडावी.

अपवाद एकच ठळक. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. तेथें अधिकार हा कायद्यानें नव्हे तर लिपीनें राखला होता. उपदेश घेतलेल्यास किल्ली, इतरांस नुसतीं चिन्हें. तीं कुलुपें विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे प्रभृतींनीं उघडलीं, तेव्हां मराठी गद्याचें वय एकदम कित्येक शतकांनीं वाढलें. गुप्त राखल्यामुळें पाठ शुद्ध राहिले हें जसें खरें, तसें जी लिपि वाचणारे कमी, तिच्यांतला ग्रंथ नष्ट होण्याचा संभव अधिक, हेंही खरें.

आतां यंत्राकडे वळूं. हातानें लिहिलेल्या पोथींत पहिल्या प्रतीस जितके श्रम, तितकेच शंभराव्या प्रतीस. दुसऱ्यानें आपली पोथी उतरून नेली तर पहिल्याचें कांहींच जात नाहीं. कारण नेणाराही तेवढाच घाम गाळतो. छपाईंत हा हिशेब उलटा होतो. पोथ्या मिळविणें, शास्त्र्यांकडून पाठ लावविणें, मुद्रितें तपासणें हा सारा खर्च पहिल्या प्रतीवर पडतो. पुढच्या हजार प्रतींस कागद, शाई व मजुरी एवढेंच. शेजारचा छापखाना तयार पुस्तक समोर ठेवून छापूं लागला तर पहिला खर्च त्यास फुकट मिळतो आणि तो किंमत उतरवूं शकतो. ग्रंथाचा ‘मालक’ हा ह्या हिशेबांतून जन्मला आहे.

आमच्या प्रांतीं ह्यास शिळाछापानें विशेष गति दिली. धातूचे टाइप पाडणें हें भांडवलाचें काम. कॅरेसाहेबांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें, तें मिशनच्या बळावर. शिळाछापास एक दगड, एक दाब व एक सुंदर हाताचा लेखक पुरे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत ही विद्या पाहून गणपत कृष्णाजी ह्यांनीं मुंबईंत स्वतःचें यंत्र उभें केलें, शाई करण्याचे प्रयोग केले, आणि १८३१ सालीं पंचांग शिळेवर छापून काढलें. छापील कागदास शिवण्यास कचरणारे लोक त्या काळीं मुंबईंत होते, हें गोविंद नारायण माडगांवकर ह्यांच्या १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’ ह्या पुस्तकावरून कळतें. परंतु शिळाछापाच्या पोथीनें हा संकोच पुष्कळसा मोडला, असें मला वाटतें. तिचीं पानें सुटीं व आडवीं, अक्षर लेखकाचें, समासही जुन्यासारखे. दुरून पाहणारास ती हस्तलिखितच वाटावी. चरबट शाईनें लिहिलेला मजकूर दगडावर उतरे व तेथून कागदावर. म्हणजे पोथ्या लिहिणारा लेखक नाहींसा झाला नाहीं. तो घरच्या चौरंगावरून छापखान्याच्या चौरंगावर बसला, एवढेंच. पुढें जावजी दादाजी ह्यांनीं १८६४ त टाइपांचा कारखाना आणि १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला, आणि संस्कृत ग्रंथ ठशांत सुबक व स्वस्त मिळूं लागले. जी पोथी पाहण्यास पूर्वीं काशीस किंवा नाशकास जावें लागे, ती आतां टपालानें घरीं येऊं लागली. कोणत्या जातीच्या माणसानें ती मागविली हें टपालवाला विचारीत नसे. समाजावर छपाईचा परिणाम काय झाला ह्याविषयीं मोठमोठे निबंध लिहिले जातात. मला हें एक टपालच पुरेसें वाटतें.

कायदा ह्यापूर्वींच आला होता. १८४७ च्या विसाव्या आक्टानें कंपनीच्या मुलखांत ग्रंथस्वामित्व प्रथम मान्य झालें. कर्त्याचें आयुष्य व त्यावर सात वर्षें हें एक माप, बेचाळीस वर्षें हें दुसरें. ह्यानंतर १८६७ चा पंचविसावा. हा वस्तुतः कर्त्यांसाठीं केलेला नव्हता. १८५७ च्या धामधुमीनंतर छापखान्यांत काय निघतें हें सरकारास कळावें, हा त्याचा उघड उपयोग. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचें नांव व ठिकाण पाहिजे, सरकारांत प्रती दिल्या पाहिजेत, आणि त्या प्रतींवरून एक नोंदवही. तींत पुस्तकाची भाषा, पृष्ठें, आवृत्ति, प्रतींची संख्या, किंमत, पुस्तक ठशाचें कीं शिळेचें, आणि शेवटीं स्वामित्व ज्याचें त्याचें नांव व राहण्याचें ठिकाण, असे रकाने होते. हा शेवटचा रकाना छापखानदारांस फार आवडला व मुखपृष्ठावर येऊन बसला. हा आक्ट पुढें दीडशेंहून अधिक वर्षें टिकला. मार्च २०२४ पासून त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली आहे आणि पुस्तकांची नोंद त्यांतून वगळली आहे. परंतु जुन्या वह्यांवरून त्रैमासिक याद्या छापल्या जात, त्या आज आमच्या ग्रंथसूचीकारांचा मोठा आधार आहेत. पाळतीसाठीं केलेली वही इतिहासास उपयोगी पडली.

आतां मुख्य खटला. व्रतराज हा ग्रंथ विश्वनाथ नांवाच्या मूळच्या कोकणांतील पंडितानें काशीस शके १६५८ (इ. स. १७३६) मध्यें रचला. रचला म्हणजे जुन्या निबंधांतून व पुराणांतून तिथिवार व्रतें, त्यांचे विधि, कथा व उद्यापनें वेंचून एकत्र केलीं. एकोणिसाव्या शतकांत ह्याला घरोघर मागणी होती. पुढें कल्याणच्या लक्ष्मीवेंकटेश्वर छापखान्याशीं ज्यांचें नांव निगडित झालें त्या गंगाविष्णु श्रीकृष्णदास ह्यांच्याकडून १८८४ सालीं त्याची नवी आवृत्ति निघाली. त्यांनीं शास्त्री नेमले, ग्रंथाची मांडणी नव्यानें लावविली, अन्य संस्कृत ग्रंथांतून वचनें आणून मध्यें घातलीं व खालीं टीपा दिल्या. पुढें मोरेश्वर बापूजी हेगिष्टे आदिकरून प्रतिवादींनीं त्याच ग्रंथाची आपली आवृत्ति छापली. तींत मूळ तेंच. अधिक घातलेलीं वचनें तींच. टीपाही त्याच, त्याच जागीं. किरकोळ फरक मात्र ठिकठिकाणीं केलेले. गंगाविष्णु कोर्टांत गेले.

प्रतिवादीचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड आहे. व्रतराज जुना, कर्ता वारलेला, तो कोणींही छापावा. मध्यें घातलेलीं वचनें पुराणांतलीं. टीपासुद्धां वादीच्या शास्त्र्यांनीं स्वतः रचलेल्या नाहींत, दुसऱ्या संस्कृत ग्रंथांतील उतारेच आहेत. मग ह्यांत वादीचें एक तरी अक्षर आहे काय? आणि खरोखरच, शोधूं गेल्यास एकही अक्षर वादीचें निघत नाहीं. तथापि निकाल वादीसारखा झाला व प्रतिवादीस मनाई झाली. इंडियन लॉ रिपोर्टाच्या मुंबई मालेच्या तेराव्या भागांत (१८८९) तो छापलेला आहे. त्याचा मथितार्थ असा: अक्षरें जुनीं असलीं तरी त्यांची ही नवी जुळणी म्हणजे एक स्वतंत्र कृति आहे, प्रतिवादीनें मूळ ग्रंथांकडे जाऊन आपले श्रम आपण केले असते तर त्यास कोणी अडविलें नसतें, त्यानें तसें न करतां वादीच्या श्रमांवर हात टाकला.

मला ह्या निकालांत राजशेखराचा स्वर ऐकूं येतो, असें म्हटल्यास कायदेपंडित हंसतील, हंसोत. पण एक साम्य निश्चित आहे. पोथ्यांचा वंशवृक्ष लावतांना आपण काय करतों? दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असले तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. शुद्ध पाठ कोणासही स्वतंत्रपणें मिळूं शकतो. समान असलेल्या चुका मात्र नातें सांगतात. ग्रंथचौर्याच्या खटल्यांतूनही नक्कल सिद्ध करण्यास समान चुका हाच उत्तम पुरावा धरला जातो. न्यायाधीश आणि पाठसंशोधक हे दोघे एकाच आडवाटेनें चालतात.

येथून एक पेंच उत्पन्न होतो, आणि तो संशोधकांच्या मर्माचा आहे. पाठ लावणारा म्हणतो, हें मूळ कर्त्याचें आहे, माझें कांहीं नाहीं. मी फक्त धूळ झटकली. त्याचें हें म्हणणें खरें असेल तर त्याला स्वामित्व कशाचें? आणि त्याला स्वामित्व पाहिजे असेल तर आपण कांहीं नवें केलें हें त्यास कबूल करावें लागेल, म्हणजे पाठ मूळचा नव्हे हें कबूल करावें लागेल. जितकें काम चोख, तितका हक्क पातळ. मृतसमुद्राजवळ सांपडलेल्या हिब्रू पोथ्यांपैकीं एकीचे तुकडे जोडून एलिशा किम्रोन ह्या विद्वानानें पाठ सिद्ध केला होता. तो त्याच्या अनुज्ञेशिवाय छापला गेल्यावर इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं किम्रोनचा हक्क मान्य केला. तुकडे जोडणें व रिकाम्या जागा भरणें ही त्याची कृति ठरली. ह्यावर तिकडील पंडितांत मोठा वाद झाला, तो योग्यच होता. आमच्याकडे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००७ मध्यें निर्णय दिला. तो न्यायनिर्णयांच्या छापील संग्रहांसंबंधीं होता. मूळ निर्णय सर्वांचे, नुसते श्रम व भांडवल पुरेसें नाहीं, थोडी तरी बुद्धीची निवड व कल्पकता दिसली पाहिजे, असें तेथें ठरलें. म्हणजे १८८९ चें घामाचें माप आतां एकटें चालत नाहीं. व्रतराजाची आवृत्ति आज कोर्टापुढें आली तर तिच्या मांडणीमुळें ती टिकेल, असें मला वाटतें. पण ज्यानें केवळ ऱ्हस्वदीर्घ सुधारलें, त्याचें काय?

संग्राहकांच्या मनांत ह्याहून एक जुना गोंधळ आहे: दफ्तर माझें, म्हणून मजकूरही माझा. इंग्लंडांत १७४१ सालींच पोप कवीच्या पत्रांच्या खटल्यांत, पत्राचा कागद ज्यास आलें त्याचा, पण छापण्याचा हक्क लिहिणाराचा, असा भेद केला गेला. आपला १९५७ चा कायदा, जो जानेवारी १९५८ पासून अमलांत आला, तोही कागद व मजकूर वेगळे ठेवतो. कर्त्याच्या मरणानंतर पन्नास वर्षें ही मुदत १९९२ सालीं साठ झाली. सार्वजनिक संग्रहांतील अप्रसिद्ध लेखन संशोधनासाठीं किंवा प्रसिद्ध करण्यासाठीं उतरून घेण्यास कलम ५२ मध्यें मोकळीक आहे. कर्ता ठाऊक असल्यास त्याच्या मृत्यूस साठ वर्षें झालेलीं पाहिजेत, एवढीच अट. पेशवाईंतील कारकुनाच्या पत्रावर आज कोणाचाही ग्रंथहक्क नाहीं. ज्याच्या घरीं तें पत्र आहे त्याच्या हातीं दाराची कडी आहे, मजकुराची नाहीं. मात्र कडी हें लहान साधन नव्हे. २००३ सालीं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू झालें, छायाचित्रें घेण्याचीं यंत्रें स्वस्त झालीं, तरी कित्येक घरांतील पेट्या बंदच आहेत, आणि त्या कां बंद झाल्या ह्याचें एक कारण मला स्वतःच्या अनुभवावरून सांगतां येईल.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी शाळेच्या मे महिन्याच्या सुटींत कोकणांतील एका घरीं अनंतव्रताच्या कथेची मराठी ओवीबद्ध पोथी उतरून घेतली. घरच्या आजींनीं सोवळ्यांत पेटी उघडून दिली, दोन दिवस जेवूं घातलें, आणि ‘मास्तर, छापाल तेव्हां आमच्या घराचें नांव तेवढें घाला’ एवढेंच सांगितलें. एका ओवींत दोरक ह्या शब्दाच्या आधींचीं चार अक्षरें कसरीनें खाल्लीं होतीं. मीं तेथें चौकटी कंसांत ‘पट्टसूत्र’ असें घातलें. ती वही मीं विश्वासानें एका परिचितास वाचावयास दिली. कांहीं वर्षांनीं ती कथा एका पुस्तिकेंत छापलेली पाहिली. कंस गेला होता, ‘पट्टसूत्र’ राहिलें होतें. माझें नांव नव्हतें. त्याचा मला राग आला, हें लपवीत नाहीं. पण त्या घराचेंही नांव नव्हतें, आणि त्याचा दोष अर्धा माझा. कारण माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मीं तें लिहिलेंच नव्हतें, मनांत ठेविलें होतें. पुस्तिका आजींच्या पाहण्यांत आली. त्यानंतर त्या घरीं गेलेल्या दोन अभ्यासकांस ओसरीवरूनच परत यावें लागलें. मला कोणी कांहीं बोललें नाहीं. पेटी उघडली नाहीं, इतकेंच.

आजी निवर्तल्या. गेल्या वर्षीं त्यांच्या नातीनें पुण्याहून त्या पानाचें छायाचित्र आपल्या दूरध्वनियंत्रावरून मला पाठविलें व हें अक्षर लावून द्याल काय, म्हणून विचारलें. छायाचित्र मोठें करून पाहतां भोंकाच्या खालच्या कडेस दोन उकारांचीं शेंपटें स्पष्ट दिसतात, पहिल्या व दुसऱ्या अक्षराखालीं. पट्टसूत्रांत त्या जागीं उकार नाहींत. शिवाय ‘पट्टसूत्र दोरक’ ही द्विरुक्ति आहे, हें संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसास तेव्हांच दिसावयास पाहिजे होतें. अनंताचा दोरक कुंकुमानें माखलेला असतो. तेथें ‘कुंकुमाक्त’ हाच पाठ आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं ती पुस्तिका असेल त्यांनीं तेवढें अक्षर शाईनें दुरुस्त करून घ्यावें. पोथी त्या नातीजवळ आहे, आणि समासांत घराचें नांव कोणत्या शब्दांत घालावें हें तिनें लिहून पाठविल्यावर संपूर्ण पाठ ह्या त्रैमासिकाकडे धाडण्याचा विचार आहे.